आगामी पुस्तकांची वही : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२४

२२ सप्टेंबर, रविवार

गणपती झाले, सहामाहीचे पेपर काढून झाले, आज वही उघडली.

कारण आधी लिहून ठेवते. ऑगस्टमध्ये एका मासिकात शेवटच्या पानावरची ‘साभार पोच’ वाचत होते. बारीक टाइपात पंधरा-वीस पुस्तकांची नावं, त्यात परभणी जिल्ह्यातल्या एका लेखिकेची पहिली कादंबरी. प्रकाशन मार्चमधलं. मागवली, दोन रात्रींत वाचून काढली. इतकी सरळ आणि घट्ट पहिली कादंबरी गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या वाचण्यात आलेली नाही. पुस्तकावर नंबर होता म्हणून लेखिकेला फोन केला. पाचशे प्रती छापल्या, त्यातल्या तीनशे ऐंशी घरातच दिवाणाखाली आहेत म्हणाल्या. ओळखीपाळखीबाहेरच्या माणसाचा हा पहिलाच फोन. पाच महिन्यांत एकही परीक्षण नाही. मी सोळा वर्षं परीक्षणं लिहिते आहे, कोल्हापुरातली दोन-तीन दुकानं महिन्यातून एकदा तरी पालथी घालते, आणि मला या पुस्तकाचा पत्ता नव्हता. हे मनाला लागलं.

मराठीत पुढच्या सहा महिन्यांत काय येणार याची एका जागी यादी मिळत नाही. पुस्तक आल्यावर कळतं, आणि तेही कळलं तर. पहिले दोन-तीन महिने कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत तर दुकानदार प्रती परत पाठवतो, मग ते पुस्तक दिवाणाखालीच जातं. म्हणून ही वही. दोनशे पानी, आडव्या रेघांची. रकाने असे पाडलेत : लेखक, प्रकार, कुठून कळलं, केव्हा येणार म्हणतात, खरोखर केव्हा आलं, प्रत मिळाली का, वाचून झालं का, परीक्षण कुठे. प्रकाशकांनी अजून जाहीर न केलेली नावं या नोंदींत लिहायची नाहीत, फक्त वहीतला क्रमांक लिहायचा. विश्वासाने सांगणाऱ्याचा विश्वास राहिला पाहिजे.

परभणीची कादंबरी क्रमांक शून्य. तिचं परीक्षण या आठवड्यात पुरं करते.

वाचनाचा हिशेब : शाळेच्या दिवशी पहाटे पाऊण तास, रविवारी चार तास. आठवड्याला अडीचशे पानं नीट होतात. त्याहून जास्त घाईत वाचली तर त्यावर लिहायचं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कपाटातली गेल्या दोन वर्षांतली साठ पुस्तकं खाली काढली आणि फक्त श्रेयपानं वाचली. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ. आजवर हे पान मी उलटून पुढे जात होते. साठ पुस्तकांत अक्षरजुळणी करणारी नावं मोजून चौदा निघाली. म्हणजे पुस्तकं ज्या हातांखालून जातात ते हात थोडेच आहेत, आणि छापखान्याच्याही आधी पुस्तक त्यांच्या पडद्यावर असतं. मुखपृष्ठं करणाऱ्यांचंही तेच.

मागच्या पानांवरची ‘आगामी’ ही यादीही पाहिली. दोन वर्षांपूर्वी जाहीर झालेल्या अकरांपैकी तीनच बाजारात सापडली. बाकीची आठ वहीत घेतली, ‘केव्हा येणार’ हा रकाना मोकळा ठेवला.

२९ सप्टेंबर, रविवार

अक्षरजुळणी करणाऱ्या एका ताईंशी फोनवर अर्धा तास बोलले. पुण्यात घरूनच काम करतात, सध्या त्यांच्याकडे चार पुस्तकं. नावं सांगितली नाहीत आणि मीही विचारली नाहीत. त्यांनी एवढंच केलं, की त्या-त्या प्रकाशकाला विचारून मला कळवायचं कबूल केलं. संध्याकाळपर्यंत दोघांचा होकार आला. वहीत क्रमांक ९ आणि १०.

दहाव्याची पीडीएफही आली. ती श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात, जुळवलेली आहे, त्यामुळे तिच्यात एक शब्द शोधायचा म्हटलं तर सापडत नाही, उतारा उचलला तर भलतीच अक्षरं उमटतात. अवतरणं हाताने टिपावी लागणार. घेते टिपून. हाताने उतरवलेलं वाक्य जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. संध्याकाळी बातमी आली, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलाही. शिक्षकांच्या गटात अभिनंदनाचा पाऊस पडला. मलाही फार आनंद झाला, डोळे भरून आले. रात्री वही उघडली तेव्हा दिवाणाखालच्या तीनशे ऐंशी प्रती आठवल्या. दर्जा मिळाला त्याच भाषेत त्या लिहिलेल्या आहेत.

क्रमांक शून्यचं परीक्षण पाठवलं.

६ ऑक्टोबर, रविवार

अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ताराबाई भवाळकर. सांगलीच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या. लोकसाहित्याचा, बायकांच्या ओव्यांचा अभ्यास आयुष्यभर केलेल्या बाई तिथे उभ्या राहणार याचं समाधान मोठं आहे. संमेलन दिल्लीत. याआधी दिल्लीत झालं ते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असताना.

वहीच्या दृष्टीने अर्थ असा : संमेलनाच्या तोंडावर पुस्तकं काढायची प्रकाशकांची जुनी रीत आहे. लोकसाहित्यावरची थांबलेली हस्तलिखितं आता हलतील. माहितीतल्या दोन प्रकाशकांना विचारलं. एकाकडे खरंच एक तयार आहे, क्रमांक १५.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. शाळेत एक तास सगळ्यांनी आपापलं पुस्तक वाचायचं. आठवी ‘ब’मधल्या एका मुलीने घरून पंचांग आणलं होतं, तेवढंच छापील घरात होतं. तिला ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली दिली आणि हवं ते काढ म्हटलं. दुपारी निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ड्यूटी लागणार, आणि प्रचाराची कागदं छापण्यात छापखानेही अडकणार. ‘दिवाळीनंतर लगेच’ असं लिहिलेल्या सहा नोंदींपुढे प्रश्नचिन्ह केलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार, पुणे

किरकोळ रजा टाकून पहाटेच्या एसटीने पुणे. अप्पा बळवंत चौकात उतरले तेव्हा साडेअकरा वाजले होते. दिवाळी अंक येऊ लागलेत, दुकानांच्या दारात गठ्ठे सुटत होते. सुतळी कापली की वरचा आणि खालचा अंक वळ पडलेला निघतो. तो बाजूला ठेवतात, मधले विकायला लावतात.

बाजीराव रस्त्यावरच्या एका दुकानात काउंटरवरच्या काकांना वहीच दाखवली. तीस वर्षं तिथे आहेत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक ओळ बोटाने वाचली.

“हे येत नाही. लेखकाने परत नेलंय.”

मी खोडलं.

“हे येईल, पण मार्चच्या आधी नाही. ग्रंथालयांची खरेदी मार्चअखेर होते ना, तेव्हा. महाग पुस्तक आहे, सुटा गिऱ्हाईक घेणार नाही.”

अनुदान मिळणारी ग्रंथालयं ३१ मार्चच्या आत खरेदी उरकतात हे मला माहीत होतं, पण एखाद्या पुस्तकाची तारीख त्यावरून ओळखायची हे सुचलं नव्हतं. जाड, बांधीव, पाचशेच्या वरच्या किमतीचं पुस्तक जानेवारी ते मार्चमध्ये. कवितासंग्रह आणि छोटे कथासंग्रह दिवाळीच्या आधी किंवा मेमध्ये, लग्नसराईत आणि सुट्टीत भेट द्यायला. काकांच्या बोटाने माझ्या चोवीस ओळींपैकी नऊ ओळींच्या तारखा बदलल्या. वर दोन नव्या नोंदी त्यांनी स्वतः सांगितल्या, त्या क्रमांक २५ आणि २६.

प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रकंही काउंटरखालून काढून दिली, सात निघाली. आधी पैसे भरा, छापून झालं की कमी किमतीत घ्या. मोठ्या संचांसाठी ही पद्धत अजून चालते. हे पत्रक म्हणजे प्रकाशकाने तारखेसह दिलेला शब्द असतो, कारण त्यावर लोकांचे पैसे घेतलेले असतात. त्यामुळे पत्रकावरच्या नोंदी शाईने, बाकी सगळ्या पेन्सिलने असं आता ठरवलं.

परतीच्या गाडीत कराडपर्यंत क्रमांक ९ची पन्नास पानं झाली, मग दिवे बंद केले.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी अंकांचा आठवडा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतलं बरंचसं नवं लेखन पहिल्यांदा इथेच छापलं जातं. म्हणजे येणाऱ्या पुस्तकांची सगळ्यात मोठी खूणही इथेच असणार. यंदा अंक त्या नजरेने वाचतेय.

दोन प्रकारे शोध घेतला. पहिला सोपा. लेखाच्या किंवा कथेच्या शेवटी तिरप्या अक्षरात ओळ असते, ‘आगामी कादंबरीतील एक प्रकरण’. अकरा अंकांत अशा पाच ओळी मिळाल्या. पाचही वहीत घेतल्या.

दुसरा प्रकार मला जास्त मोलाचा वाटतो. कथासंग्रहाच्या शेवटी पूर्वप्रसिद्धीची यादी असते, अमुक कथा, अमुक अंक, दिवाळी २०१७, दिवाळी २०१९. कपाटातल्या दहा संग्रहांच्या अशा याद्या समोर मांडल्या. बहुतेक संग्रहांत आठ ते दहा कथा, आणि त्या पाच-सहा वर्षांत विखुरलेल्या. मग उलटा हिशेब केला. माझ्याकडे २०१६पासूनचे अंक माळ्यावर आहेत. ज्यांचा एकही संग्रह नाही पण कथा सात-आठ झाल्यात असे लेखक कोण? काल रात्री दोन वाजेपर्यंत अनुक्रमणिका चाळल्या. सहा नावं निघाली, त्यांत चार बायका. एकीच्या आठ कथा आहेत, पाच वेगवेगळ्या अंकांत, आणि आठही कथांत तोच एक वाडा निरनिराळ्या भाडेकरूंच्या बाजूने येतो. पाचही अंक ठेवणाऱ्याखेरीज हे कुणाच्या लक्षात येणार नाही. पुस्तक निघालं तर ते कथासंग्रहापेक्षा मोठं काहीतरी होईल, याची मला खात्री आहे.

सहाजणांना पत्रं लिहिली. पत्ते अंकांतच असतात. वही ३७पर्यंत.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. वाचन नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

क्रमांक १० वाचून झाला. चौसष्ट पानांचा कवितासंग्रह, म्हणजे सोळा पानांचे चार फर्मे, आणि मला नऊ दिवस लागले. एका बैठकीत तीन-चार कविता, त्याहून जास्त झाल्या की एकीचा आवाज दुसरीत मिसळतो.

एक कविता औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीवर आहे. म्हातारी आई पट्टीतल्या रिकाम्या खोबणींवरून बोट फिरवून किती दिवस झाले ते मोजते. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या काही न बोलता उठल्या आणि उशाखालची स्वतःची पट्टी आणून माझ्या हातात दिली. “तारखेचं कॅलेंडर दिसत नाही आता, हीच बघते,” म्हणाल्या. आठ वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. परीक्षणाची सुरुवात इथूनच करते आहे, आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारून.

क्रमांक शून्यचं परीक्षण छापून आलं. परभणीहून फोन : एका जिल्हा ग्रंथालयाने दहा प्रती मागवल्या.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस मतदान केंद्रावर. आठवड्यात एकवीस पानं.

२४ नोव्हेंबर, रविवार

या आठवड्यात वाचायची होती ती क्रमांक ९, ऊसतोडीवरची कादंबरी. दुसरी वाचणी चालू आहे, आणि नेमकं तेच सगळं रस्त्यावर दिसतंय. गाळप १५ तारखेपासून सुरू, मतदान उरकून टोळ्या आता येताहेत. शाळेमागच्या ऊस तुटलेल्या फडात परवा कोप्या, म्हणजे टोळ्यांची पाचटाची घरं, उभ्या राहिल्या.

कादंबरीत कामाचे शब्द चोख आहेत. उचल (आगाऊ घेतलेले पैसे), मुकादम (टोळी आणणारा), मोळी, वाढं (उसाचे हिरवे शेंडे). ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटं माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’, हे लेखकाने कुठेही समजावून न सांगता एका बाईच्या नवऱ्याच्या मरणानंतर मुकादमाच्या वहीतल्या एका आकड्यातून दाखवलं आहे. ते पान मी चार वेळा वाचलं.

पण एक गोष्ट खटकत होती. माणसं बोलताना ‘कोपी’ म्हणतात आणि निवेदन मात्र दरवेळी ‘झोपडी’ म्हणतं. निवेदक त्याच टोळीतला मुलगा आहे, तो स्वतःच्या घराला परका शब्द का वापरेल? पेन्सिलने मोजलं, ‘झोपडी’ एकोणचाळीस वेळा.

संध्याकाळी फडाकडे गेले. बीडकडची टोळी. पाचटाच्या कोपीत खाली बसूनच जावं लागतं. आत एक पत्र्याची पेटी, चूल दारात. बाईंनी चहा दिला. या घराला तुम्ही काय म्हणता, विचारलं.

“कोपी. दुसरं काय म्हनायचं?”

रात्री लेखकाला फोन केला. हस्तलिखितात सगळीकडे ‘कोपी’च होतं. मुद्रितं तपासताना, शहरातल्या वाचकाला कळावं म्हणून, निवेदनातलं बदललं गेलं. पहिलंच पुस्तक, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. छपाईला अजून आठ दिवस आहेत असं त्यांच्याच तोंडून कळलं. मी म्हटलं, आज रात्रीच प्रकाशकांना लिहा, एकोणचाळीस जागांची पानं मी देते. यादी करून पाठवली तेव्हा सव्वाबारा झाले होते.

आगामी पुस्तक आधी हातात येण्याचा असाही उपयोग असतो, हे वही सुरू करताना माझ्या मनात नव्हतं. परीक्षकाने छपाईआधी हात घालावा का, हा प्रश्न आहेच. मी शब्द सुचवलेला नाही, लेखकाचा शब्द लेखकाला परत मागायला सांगितलं, एवढ्यावर मी ठाम आहे. तरी या पुस्तकाचं परीक्षण आता मी लिहिणार नाही. एका सहकारी मैत्रिणीला दिलं.

१ डिसेंबर, रविवार

कवितासंग्रहाचं परीक्षण छापून आलं. सहाशे शब्द दिले होते, चारशे आले. गोळ्यांच्या पट्टीचा परिच्छेदच गेला. जागेची अडचण असेल, पण कापायच्या आधी एक फोन हवा होता. तो परिच्छेद आईंच्या परवानगीने लिहिलेला होता, आणि अंक आल्यावर त्यांनी तोच शोधला. मूळ सहाशे शब्दांची प्रत कवयित्रीला पोस्टाने पाठवली. आईंनाही मोठ्या अक्षरांत एक काढून दिली.

क्रमांक ९च्या लेखकाचा निरोप : एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस बदललं.

८ डिसेंबर, रविवार

डिसेंबरची गर्दी. राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात पहिल्यांदा निघालेली पुस्तकं धरतात, म्हणून लांबलेली सगळी पुस्तकं या महिन्यात धावतात. पेन्सिलने लिहिलेल्या सात नोंदी एका आठवड्यात खऱ्या झाल्या. वाचायला सात पुस्तकं, साधारण तेराशे पानं. आपल्याच हिशेबाने पाच आठवडे. ज्यांना इतर कुणी हात लावणार नाही ती आधी घेते : दोन पहिली पुस्तकं, एक नंदुरबारचं, एक बेळगावचं. नावाजलेल्यांची परीक्षणं होतच असतात.

१५ डिसेंबर, रविवार, पुणे

फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव, हे दुसरं वर्ष. गर्दी इतकी की खांद्यावरची पिशवी पोटाशी धरून चालावं लागत होतं, आणि त्या गर्दीत कॉलेजची मुलं जास्त. मोठे स्टॉल झटपट पाहिले. छोट्या प्रकाशकांकडे तीन तास गेले. एकेका टेबलाचे दोघं-तिघं भाडेकरू, जेवणाचा डबा पुस्तकांच्या मागे. त्यांना स्वतःच्या येणाऱ्या पुस्तकांबद्दल कुणी विचारतच नाही. विचारलं की खुर्ची देतात. चौदा नोंदी झाल्या, वही ५१पर्यंत गेली.

वाड्याच्या कथा लिहिणाऱ्या बाई तिथेच भेटल्या. माझं पत्र पोचलं होतं. आठही कथांत वाडा एकच आहे हे कुणाच्या लक्षात येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नववी लिहिताहेत.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल साहित्य अकादमी जाहीर झाली. मराठीसाठी सुधीर रसाळ, ‘विंदांचे गद्यरूप’. समीक्षेच्या पुस्तकाला! शाळेतून येताना रिक्षातच बातमी वाचली आणि घरी येऊन रसाळसरांची जुनी पुस्तकं काढून ठेवली. एकेका कवीची प्रतिमा-प्रतिमा सोडवून पाहणारं लेखन आहे ते. आम्ही चारशे शब्दांत जे करतो त्याच्या मागे अशी शिस्त असायला हवी. नाताळच्या सुट्टीत पुन्हा वाचते.

२३ डिसेंबर, सोमवार

वाचून झालेल्या पुस्तकांचा गठ्ठा चंदगड तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाला दर तिमाहीला पाठवते. खाकी कागद, सुतळी, वर ‘बुक पोस्ट’. पाच किलोला ८० रुपये पडायचे. आज खिडकीवरच्या बाईंनी गठ्ठा वजनकाट्यावर ठेवला आणि परत उचलला.

“मॅडम, रजिस्टर बुक पोस्ट बंद झालं. अठरा तारखेपास्नं. आता पार्सलचा दर.”

गठ्ठा घेऊन घरी आले. हे माझ्या एका गठ्ठ्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. नंदुरबारच्या, परभणीच्या माणसाचं पुस्तक याच खिडकीतून गावोगाव जात होतं. दीडशे रुपयांचं पुस्तक पोचवायला किमतीच्या निम्मा खर्च आला तर तो अभिप्रायार्थ प्रती पाठवणार कुणाला आणि किती? वहीत आज नवा रकाना आखला, ‘प्रत कशी येणार’. जी पीडीएफवर वाचता येतील ती पीडीएफवर मागायची. कोल्हापूरला येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची. पुण्याच्या काकांनी त्यांच्या दुकानात माझ्यासाठी प्रती ठेवून घ्यायचं फोनवर कबूल केलं. चंदगडचा गठ्ठा शाळेतल्या शिपाईमामांच्या भाच्याबरोबर शनिवारी जाईल, तो तिथे एसटीत वाहक आहे.

२९ डिसेंबर, रविवार

क्रमांक ९ आलं. बांधणीचा डिंक अजून वासाला लागतोय. आधी एकोणचाळीस जागा तपासल्या. अडतीस बरोबर. पान ११२वर एक ‘झोपडी’ राहिली आहे, तिथे मुकादम बोलतोय आणि तो शहरातून आलेला आहे. ती चूक माझ्याच यादीतली होती, लेखकाने छपाईच्या आधी हेरून तेवढी एक पुन्हा पहिल्यासारखी केली.

शाळेमागच्या कोप्यांत उद्या प्रत घेऊन जाते. त्या बाईंची मोठी मुलगी सातवीपर्यंत शिकलेली आहे, वाचते.

नंदुरबारचं पुस्तक : पानं १६० वाचून, ४८ बाकी. बेळगावचं : अजून हातात नाही, लेखक ३ तारखेला कोल्हापुरात येणार, स्टँडवर भेटायचं. नोंद ५२ : परभणी, कथासंग्रह, लेखिकेने स्वतःहून कळवलं, हस्तलिखित अजून कुणाला दिलेलं नाही. पेन्सिलने.